शेजारी देशाबरोबर संशोधन प्रकल्प उभारताना: प्रश्नापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत

जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर ऱ्हाइन नदीच्या दोन काठांवर लाउफेनबुर्ग नावाचीच दोन गावं आहेत. २००३ साली त्यांना जोडणाऱ्या नव्या पुलाचं काम चालू असताना लक्षात आलं, की दोन बाजूंच्या उंचीत ५४ सेंटिमीटरचा फरक पडतोय. कारण साधं होतं. जर्मनीत उंची मोजतात ती उत्तर समुद्राच्या पातळीपासून, स्वित्झर्लंडमध्ये भूमध्य समुद्राच्या पातळीपासून. या दोन पातळ्यांत २७ सेंटिमीटरचं अंतर आहे, हे दोन्हीकडच्या अभियंत्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते हिशेबात धरलंही होतं. फक्त दुरुस्ती करताना अधिकच्या जागी उणे झालं, आणि २७ चे ५४ झाले.

शेजारी देशाबरोबर पाणी, हवा, माती, मासे किंवा पूर यांवर एकत्र संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो. हेतू चांगला, माणसं हुशार, मैत्री पक्की, निधी मंजूर, आणि तरीही काम फसतं ते अशा बारीक जागी. पुढे जे टप्पे दिले आहेत ते विद्यापीठातल्या, सरकारी प्रयोगशाळेतल्या किंवा स्वयंसेवी संस्थेतल्या अशा माणसासाठी आहेत, ज्याला असा प्रकल्प पहिल्यांदाच उभारायचा आहे.

प्रश्न खरोखर दोघांचा आहे का?

भागीदार शोधायच्या आधी प्रश्न तपासा. त्यासाठी दोन कसोट्या पुरतात. नकाशावरची सीमारेषा पुसली तरी प्रश्न तोच राहतो का? आणि एका देशाची आकडेवारी काढून घेतली तर उत्तर कोसळतं का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तरच भागीदारीची खटपट सार्थकी लागते. खालच्या देशातल्या पुराचा अंदाज वरच्या देशातल्या पावसाशिवाय बांधता येत नाही. एका बाजूला जाळलेल्या शेतांचा धूर दुसऱ्या बाजूच्या शहरात उतरतो. स्थलांतर करणारा मासा अंडी एकीकडे घालतो आणि जाळ्यात दुसरीकडे सापडतो. हे खरे सामायिक प्रश्न. ‘दोन देशांतल्या शेतीपद्धतींचा तुलनात्मक अभ्यास’ हा विषय वाईट नाही, पण तो दोघांनी आपापल्या घरी बसून केला तरी चालतो.

शाश्वत विकासाच्या १७ ध्येयांपैकी चार-पाच ध्येयांचे रंगीत चौकोन प्रस्तावावर चिकटवण्याचा मोह टाळा. त्या १७ ध्येयांखाली १६९ लक्ष्यं आहेत. त्यांतलं एकच निवडा आणि ते नीट वाचा. उदाहरणार्थ, ६.५ हे लक्ष्य पाण्याच्या एकात्मिक व्यवस्थापनाबद्दल आहे आणि त्यात सीमापार सहकार्याचा थेट उल्लेख आहे. आपल्या कामामुळे त्या लक्ष्याच्या मोजणीत काय फरक पडेल, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

प्रश्न ठरवताना एक पद्धत अवश्य वापरा. दोन्ही बाजूंनी, एकमेकांचं न पाहता, एकेक पान लिहायचं: आम्हाला काय जाणून घ्यायचंय आणि उत्तर मिळाल्यावर ते कोण वापरणार. मग दोन्ही पानं शेजारी ठेवायची. बहुतेक वेळा एकाने प्रदूषणाचा उगम कुठे हे शोधायचं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याला आज लोकांनी कोणत्या विहिरीचं पाणी प्यावं हे हवं असतं. ही दरी पहिल्याच आठवड्यात दिसली तर भरता येते. तिसऱ्या वर्षी दिसली तर भांडण होतं. सीमापार संशोधन भागीदारीसाठी स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या ११ तत्त्वांतलं पहिलं तत्त्व हेच आहे: विषयपत्रिका मिळून ठरवा.

जोडीदार: संस्था नंतर, माणसं आधी

दोन कुलगुरूंनी सामंजस्य करारावर सह्या केल्या, फोटो काढले आणि पुढे काहीच झालं नाही, असे करार कपाटांत भरपूर पडलेले असतात. त्यामुळे उलट्या दिशेने जा. तुमच्या विषयावर त्या देशात कोण शोधनिबंध लिहितंय, त्यांचे विद्यार्थी कोण, त्यांच्या प्रयोगशाळेत कोणती यंत्रं चालू स्थितीत आहेत, हे आधी पाहा. प्रादेशिक संस्थांची इथे मोठी मदत होते. हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यात काठमांडूची इसिमोड ही संस्था १९८३ पासून अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, चीन, भारत, म्यानमार, नेपाळ आणि पाकिस्तान अशा आठ देशांना एका टेबलाशी बसवते. मेकाँगच्या खोऱ्यात १९९५ पासून कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम यांचा मेकाँग नदी आयोग आहे. अशा संस्थांच्या एखाद्या प्रशिक्षणाला किंवा कार्यशाळेला गेलात की महिनाभराच्या ईमेलांनी होत नाही तेवढी ओळख दोन दिवसांत होते.

प्रत्येक बाजूला तीन माणसं हवीत. एक संशोधक, एक प्रयोगशाळा प्रत्यक्ष चालवणारा तंत्रज्ञ, आणि एक सरकारी खात्यातला माणूस, ज्याच्याकडे नदीच्या पातळीची किंवा पावसाची जुनी आकडेवारी असते. तिसरा माणूस बहुतेक प्रस्तावांत नसतो आणि मग सगळा प्रकल्प त्याच्या दारात अडतो.

मोठा प्रस्ताव लिहिण्याआधी एकमेकांबरोबर सहा महिन्यांचं छोटं काम करून पाहा. दहा नमुने, दोन प्रयोगशाळा, एक संयुक्त टिपण. समोरचा वेळेवर उत्तर देतो का, चूक कबूल करतो का, आपल्या विद्यार्थ्याला बोलू देतो का, हे त्यात कळतं. तुमच्याबद्दलही त्यांना तेच कळतं.

श्रीमंत देशातला गट येतो, नमुने उचलतो, परत जातो आणि निबंध छापतो, याला ‘हेलिकॉप्टर संशोधन’ म्हणतात. शेजारी देशांतही एकाची प्रयोगशाळा मोठी आणि दुसऱ्याची लहान असतेच, त्यामुळे हा धोका शेजारातही आहे. लहान बाजूला फक्त नमुने गोळा करायचं काम मिळत असेल तर ती भागीदारी नव्हे, मजुरी आहे.

एकाच मापाने मोजा

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि नेमका इथेच तो दिला जात नाही. गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघनेच्या त्रिभुज प्रदेशातलं आर्सेनिक घ्या. भारत आणि बांगलादेश, दोन्हीकडच्या हातपंपांत ते येतं, कारण खालचे गाळाचे थर एकाच नद्यांनी आणून टाकलेले आहेत. समजा, सीमेच्या दोन बाजूंच्या दोन गटांनी शेजारशेजारच्या गावांतलं पाणी तपासलं. एका गटाला लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम मिळाले, दुसऱ्याला ३०. लगेच निष्कर्ष निघतो की तिकडचं पाणी चांगलं.

आता बाटली जवळून पाहा. या भूजलात विरघळलेलं लोह भरपूर असतं. पाणी वर येऊन हवेला लागलं की थोड्याच वेळात त्या लोहाचा तांबूस गाळ बाटलीच्या तळाशी बसू लागतो, आणि आर्सेनिक त्या गाळाला चिकटतं. पहिल्या गटाने पंपाशीच पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं आणि लगेच नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून सामू २ च्या खाली आणला. त्यांचं आर्सेनिक पाण्यातच राहिलं. दुसऱ्या गटाने बाटल्या तशाच प्रयोगशाळेत नेल्या, दोन दिवसांनी गाळल्या, मग आम्ल टाकलं. त्यांचं आर्सेनिक फिल्टरवरच्या तांबूस थरात अडकून कचऱ्यात गेलं. दोन्ही यंत्रं अचूक होती, दोन्ही गट प्रामाणिक होते, आणि तरीही तुलना खोटी ठरली.

म्हणून पहिल्या क्षेत्रभेटीआधी एक कार्यपद्धती लिहा, तीही दोन्ही बाजूंचे तंत्रज्ञ समोरासमोर बसवून. त्यात खालच्या पायरीपर्यंत उतरा: पंप किती मिनिटं हापसायचा, बाटली कोणत्या प्लास्टिकची, ती कशाने धुतलेली, गाळणी कधी, आम्ल किती, बर्फात ठेवायची की नाही, किती दिवसांत तपासायची. उंचीसाठी कोणती आधारपातळी, नकाशासाठी कोणती निर्देशांक पद्धत, वेळ कोणत्या घड्याळाची, तारीख आधी की महिना आधी, हेही लिहा. ‘उणे’ आणि ‘अधिक’ कोणत्या दिशेला, हे तर आवर्जून लिहा. लाउफेनबुर्ग विसरू नका.

मग दोन्ही प्रयोगशाळांची आपसात परीक्षा घ्या. एकाच बाटलीतलं पाणी दोन भागांत वाटून दोन्हीकडे तपासा. ज्यातलं प्रमाण आधीच प्रमाणित झालेलं आहे असा संदर्भ नमुना, नाव झाकून, दोघांच्याही ढिगात घुसवा. शुद्ध पाण्याची कोरी बाटलीही घुसवा. तिच्यात आर्सेनिक सापडलं तर दोष बाटलीत किंवा हाताळणीत आहे. साधारण दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दुबार घ्यायचा, असं धोरण ठेवा. निकाल जुळले नाहीत तर कोण चुकलं हे शोधण्याआधी कुठे वेगळं केलं हे शोधा. या एका वाक्याने मी पुष्कळ मैत्र्या टिकलेल्या पाहिल्या आहेत.

मोजमापाचा असा पाया किती भार पेलतो, याचं उदाहरण युरोपात आहे. आम्लपावसाचं गंधक एका देशाच्या धुराड्यांतून निघून दुसऱ्या देशाच्या तळ्यांत पडत होतं. शीतयुद्ध चालू असताना, १९७७ मध्ये, पूर्व आणि पश्चिम युरोपातल्या देशांनी हवेतलं प्रदूषण एका पद्धतीने मोजणारं केंद्रांचं जाळं सुरू केलं. १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला. त्या कराराखालचा पहिला पूरक करार १९८४ चा, आणि तो उत्सर्जन घटवण्याबद्दल नव्हता. या मोजणीच्या जाळ्याला कायमचा पैसा पुरवण्याबद्दल होता. गंधकाचं उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचा करार त्यानंतर, १९८५ मध्ये आला.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण काम सर्वांत आधी याचंच सुरू करा. संशोधनासाठी गेलेला माणूस पर्यटक व्हिसावर नको. पकडला गेला तर सगळा प्रकल्प संशयाखाली येतो. सीमेजवळ जीपीएस यंत्र, ड्रोन, सॅटेलाइट फोन यांवर बहुतेक देशांत निर्बंध असतात, तेव्हा प्रत्येक यंत्राची वेगळी परवानगी काढा. यंत्रं तात्पुरती नेऊन परत आणायची असतील आणि दोन्ही देशांत एटीए कार्नेटची (यंत्रं तात्पुरती नेण्याच्या आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क परवान्याची) सोय असेल तर सीमाशुल्क वाचतं.

वनस्पती, बियाणं, सूक्ष्मजीव किंवा त्यांची जनुकीय सामग्री हाताळणार असाल तर नागोया करार लागू होतो. तो २०१० मध्ये झाला आणि २०१४ पासून अमलात आला. ज्या देशातला जीव, त्या देशाची आधी संमती घ्यायची आणि पुढे लाभ झाला तर त्याची वाटणी कशी करायची हे आधीच ठरवायचं, हा त्याचा गाभा आहे. माणसांच्या मुलाखती, रक्ताचे नमुने, आरोग्याची माहिती घेणार असाल तर दोन्ही देशांतल्या नैतिकता समित्यांची मान्यता लागते. एकीची मान्यता दुसरीला पुरत नाही.

आम्ल टाकलेल्या बाटल्या कुरियरवाले बहुधा घेत नाहीत, घेतल्या तरी घातक माल म्हणून वेगळे कागद मागतात. त्यामुळे नमुने सीमेपलीकडे पाठवायचे नाहीत, प्रत्येकाने आपले आपल्या देशात तपासायचे आणि तुलनेसाठीचे मोजकेच नमुने अधिकृत मार्गाने न्यायचे, अशी आखणी करा. त्याने खर्च वाचतो, आणि दोन्ही बाजूंना तपासणीचं कौशल्य येतं ते वेगळंच.

पैसा कोणत्या वाटेने जातो

निधीच्या मुख्यतः तीन रचना आहेत. एकाच देशाच्या संस्थेला सगळा निधी आणि तिच्याकडून दुसऱ्याला हिस्सा. दोन्ही देशांच्या निधीसंस्था आपापल्या बाजूला पैसा देतात. किंवा तिसरा देश अथवा आंतरराष्ट्रीय संस्था दोघांनाही देते. पहिल्यात वेग असतो, पण ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती निर्णय जातो. दुसऱ्यात समानता असते, पण एकीकडचा निधी मंजूर आणि दुसरीकडचा रखडलेला, अशी ओढाताण होते. जपानची २००८ पासून चालू असलेली सॅट्रेप्स योजना यावर वेगळा तोडगा काढते: जपानी संशोधकांचा खर्च तिथली विज्ञान-तंत्रज्ञान संस्था उचलते आणि भागीदार देशातल्या कामाचा खर्च विकास-सहकार्य संस्था उचलते. म्हणजे संशोधन आणि विकास यांच्या थैल्या वेगळ्या, काम एक.

अंदाजपत्रक दोन्ही बाजूंच्या लेखापालांना बसवून करा. विचारायचे प्रश्न असे: परदेशी निधी स्वीकारायला सरकारी परवानगी लागते का आणि किती महिने लागतात? पैसा आगाऊ मिळतो की खर्च करून बिलं लावायची? लहान संस्थेकडे सहा महिने स्वतःचा पैसा अडकवण्याची ताकद नसते, हे मोठ्या संस्थेच्या ध्यानातही येत नाही. विनिमय दर बदलला तर तोटा कोणाचा? यंत्र घेतल्यावर पाच वर्षांचा देखभाल करार आणि सुटे भाग धरले आहेत का? वायू किंवा रसायन संपल्यामुळे धूळ खात पडलेलं महागडं यंत्र पाहिलं की जीव हळहळतो. मानधन, प्रवासभत्ता आणि क्षेत्रकाम करणाऱ्या स्थानिक तरुणांची मजुरी ठरवताना दोन्ही बाजूंना एकच तत्त्व लावा, आकडे वेगळे असले तरी.

आकडेवारी आणि श्रेय, लेखी

सामंजस्य कराराला एक जोडपत्र लावा, दोनतीन पानांचंच पण स्पष्ट. आकडेवारीची पूर्ण प्रत दोन्ही देशांत राहील. ती किती काळ फक्त गटापुरती आणि कधी सर्वांसाठी खुली. निबंधावर नाव कोणाचं आणि क्रम कसा. यासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष सोयीचे पडतात: कामाच्या आखणीत किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि उत्तरदायित्व. मात्र हे निकष वगळण्यासाठी वापरू नका. नमुने आणणाऱ्या तरुणीला मसुदा दाखवलाच नाही आणि मग तिने लेखनात भाग घेतला नाही म्हणून नाव गाळलं, हा अन्याय नियमांच्या आडून होतो. मसुदा तिच्याकडे जाईल, आणि ज्या भाषेत तिला मोकळेपणाने मत देता येईल त्या भाषेत चर्चा होईल, हेही जोडपत्रात लिहा.

सरकारी आकडेवारीचं कोडं वेगळं. सीमापार नद्यांच्या प्रवाहाची माहिती अनेक देश गोपनीय ठेवतात. भारतही गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतली बरीच माहिती खुली करत नाही. अशा वेळी मूळ आकडे मागत बसू नका. दोन्ही गटांनी एकच गणिती प्रारूप (मॉडेल) आपापल्या संगणकावर, आपापल्या देशाच्या आकड्यांवर चालवायचं आणि फक्त निष्कर्ष किंवा सरासरीपासूनची टक्केवारी एकमेकांना द्यायची. बरेच प्रश्न एवढ्यावर सुटतात, आणि कोणाला कायदा मोडावा लागत नाही.

संबंध बिघडले तर

शेजाऱ्यांचे संबंध बिघडतात. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या भागातल्या नुगेशा, यांगत्सुन आणि नुशिया या तीन केंद्रांची पावसाळ्यातली आकडेवारी, २०२३ मध्ये त्याविषयीचा करार संपेपर्यंत, चीन भारताला देत असे. २०१७ मध्ये, डोकलामच्या तणावाच्या वर्षी, ती आली नाही. चीनने केंद्रांच्या दुरुस्तीचं कारण दिलं. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुराच्या अंदाजात मध्येच एक पावसाळा गळणं म्हणजे काय, ते काठावर राहणाऱ्यांना विचारा.

म्हणून पहिल्या दिवशीच हा प्रश्न टेबलावर घ्या: उद्या सीमा बंद झाली, व्हिसा थांबले, पत्रव्यवहारावर बंदी आली, तर काम कसं चालेल? दोन्ही बाजूंना आपला अर्धा भाग स्वतंत्रपणे पुरा करता येईल अशी यंत्रं, माणसं आणि कार्यपद्धती असली की वर्षभराच्या तुटीनंतरही तुकडे पुन्हा जोडता येतात. बैठकीसाठी तिसऱ्या देशातली जागा हेरून ठेवा. उपग्रहाची खुली चित्रं, सागरी आणि हवामानाची सार्वजनिक आकडेवारी यांवर चालणारं एक उपकाम राखून ठेवा. प्रमुख संशोधकांपेक्षा विद्यार्थ्यांच्या ओळखी जास्त टिकतात, तेव्हा प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला पलीकडच्या प्रयोगशाळेत निदान तीन महिने काढू द्या.

जॉर्डनमध्ये अल्लान इथे २०१७ साली सेसामी हे सिंक्रोट्रॉन केंद्र सुरू झालं. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून संशोधनासाठी अतिप्रखर किरण निर्माण करणारं यंत्र. तिथल्या सदस्यांच्या यादीत इराण, इस्राएल, पॅलेस्टाइन, पाकिस्तान, तुर्कस्तान, सायप्रस, इजिप्त आणि जॉर्डन शेजारी शेजारी आहेत. त्यांतल्या काहींचे एकमेकांशी राजनैतिक संबंधही नाहीत. केंद्राची सुरुवात जर्मनीत निवृत्त झालेल्या एका यंत्राच्या भागांपासून झाली. हे वाचून मला दर वेळी धीर येतो.

निकाल घेऊन परत जा

अहवाल मंत्रालयात देणं सोपं असतं. पंपावर परत जाणं अवघड, आणि तेच आधी करायचं. तिथे पुन्हा मोजमापाचा प्रश्न आडवा येतो. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. भारताचं मानकही तेच सांगतं. बांगलादेशाचं मानक ५० आहे. मग ३० मायक्रोग्रॅमचं पाणी सीमेच्या अलीकडे असुरक्षित आणि पलीकडे सुरक्षित ठरतं. बांगलादेशात देशभर पंप तपासून असुरक्षितांना लाल आणि सुरक्षितांना हिरवा रंग दिला गेला होता. तुमच्या ३० च्या पंपाला कोणता रंग द्यायचा, हे दोन्ही गटांनी आणि दोन्हीकडच्या आरोग्य खात्यांनी पहिली बाटली भरण्याआधी ठरवलेलं असावं.

कुटुंबाला निकाल सांगताना आकडा कागदावर द्या, त्यांच्या भाषेत, आणि त्याच कागदावर जवळच्या सुरक्षित पंपाची खूण लिहा: कोणाच्या अंगणात, किती पावलांवर, तो खोल आहे की उथळ. ज्या घराने तुम्हाला पंप हापसू दिला त्या घराचा पंप लाल निघाला, तर त्या बाईंना आधी सांगा, एकटीला, रंग लावण्यापूर्वी. शेजारच्या पंपावरून पाणी भरायला त्यांची हरकत नाही ना, हे तिथल्या घरी विचारून मगच गाव सोडा.